कमानी का तुटत होत्या

प्रिय मंदार,

शनिवारी तुझं शहर पडलं. आता ते डायनिंग टेबलावर नाही, गॅरेजमध्ये नाही, घरात कुठेच नाही. हेमंत म्हणाला, मी सांगतो त्याला. ऑफिसला जाताना तो गाडीत तुझ्याशी बोलत असतो, हे मला त्याच्या बायकोने सांगितलं. मी म्हटलं, नको, हे मीच कळवते. म्हणून आज लिहायला बसले.

आम्ही घर रिकामं करतोय. सामान हलवणाऱ्या कंपनीचा माणूस अंदाज घ्यायला आला होता. त्याने टेबलावरचा एक बुरूज उचलून पाहिला आणि विचारलं, हे दगड आहेत का? मी म्हटलं, प्लास्टर. तो म्हणाला, जहाजाने पाठवलंत तर पोचेपर्यंत याचं पीठ होईल. तू असतास तर त्याला अर्धा तास उभं करून कुठलं प्लास्टर, का तुटत नाही, सगळं ऐकवलं असतंस. मी फक्त मान हलवली.

या घरातला आपला पहिला हिवाळा आठवतो? रेडमंडचा तो न संपणारा पाऊस, दुपारीच लावावे लागणारे दिवे. शुक्रवारी तुझी मंडळी यायची, हेमंत, ग्लेन आणि ग्लेनची बायको. तुम्ही चार मोठी माणसं टेबलाभोवती बसून फासे टाकत एक गोष्ट खेळायचात. त्या तिघांचं एकेक पात्र, त्याची बोटाएवढी बाहुली, आणि गोष्ट सांगणारा तू. तुमचे किल्ले म्हणजे माझे स्टीलचे डबे आणि आपल्या रेवाची जुनी पुस्तकं. मग एकदा ग्लेनने रबराचा एक साचा आणून दिला, विटांचा. त्यानंतर आपली गाडी कायमची बाहेर पावसात गेली आणि गॅरेज तुझं झालं.

दातांचे डॉक्टर जबड्याचा नमुना करायला वापरतात ते प्लास्टर तू मागवायचास. साधं झिजतं म्हणायचास. थंड पाण्यात ते हळूहळू भुरभुरायचं, ढवळायचं पण फेटायचं नाही, साच्यात ओतलं की टेबलाला खालून टिचक्या मारायच्या म्हणजे बुडबुडे वर येतात, वरून पातं फिरवून सपाट करायचं, आणि मग थांबायचं. घट्ट होताना प्लास्टर गरम होतं, हे मला माहीत नव्हतं. पहिली वीट तू साच्यातून काढून माझ्या तळहातावर ठेवलीस, तर ती कोमट होती, एखादं लहानसं जिवंत काही धरावं तशी. मी काहीतरी छान बोलेन असं तुला वाटलं असणार. मी विचारलं, याचं करायचं काय?

काय केलंस ते पुढे सगळ्यांनी पाहिलं. भिंती, जिने, खिडक्या, कमानी. सगळं एकाच मापाच्या चौकोनी पाटांवर उभं केलेलं, म्हणजे कुठलाही चौकोन कुठल्याही चौकोनाला जोडता यावा. या शुक्रवारी जिथे बाजार, तिथे पुढच्या शुक्रवारी देऊळ. मला तुझा तो खेळ कधीच नीट कळला नाही. पण रविवारी सकाळी गॅरेजच्या दारातून तुझी पाठ दिसायची, खांद्यावर पांढरी भुकटी, आणि वाटायचं, हा माणूस ठीक आहे. आठवडाभर मीटिंगमध्ये बसून येतो, पण ठीक आहे.

मग कमानी तुटायला लागल्या.

कमान साच्यातून काढणं सगळ्यात नाजूक, हे तूच सांगायचास. रबर चारी बाजूंनी सैल करायचं आणि खालून दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब द्यायचा. एकीकडे कमी पडला की कमान मधोमध जाते. त्या उन्हाळ्यात आधी अधूनमधून एखादी तुटायची, मग जवळजवळ प्रत्येक. तू म्हणालास, गोणीला ओल लागली आहे. नवी गोणी आली. मग म्हणालास, साच्याचं रबर कडक झालंय. नवा साचा आला. पाण्याचं प्रमाण बदललंस, हवेतली ओल खेचणारं मशीन आणून लावलंस. मी चहा घेऊन यायचे तेव्हा तू तुटलेला तुकडा दिव्याखाली धरून त्यात बुडबुडा शोधत असायचास.

बुडबुडा नव्हताच रे त्यात. आपण दोघंही त्या तुकड्यांकडे बघत राहिलो. तुझ्या हातांकडे पाहिलं ते हेमंतने. शुक्रवारी तो पाणी घ्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात आला आणि हळूच म्हणाला, "अनघा, मंदारच्या डाव्या हाताला काय झालंय? अंगठ्याखालचा भाग पार बसलाय."

पुढच्या तपासण्या, सुया, या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे, ते तुला वेगळं काय सांगू? शेवटी त्या डॉक्टरबाईंनी खुर्ची जवळ ओढून, फार हळू आणि फार स्पष्ट सांगितलं. एएलएस. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. हात, पाय, मग जीभ, मग श्वास. डोकं मात्र शाबूत राहतं. औषधाने थोडं लांबतं, थांबत नाही.

पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर तू पहिलं वाक्य काय बोललास?

"म्हणजे प्लास्टर बरोबर होतं."

मला इतका राग आला की मला गाडी सुरू करता येईना. आज त्या दिवसातलं मला त्या वाक्याशिवाय फारसं काही आठवत नाही.

मला वाटलं होतं, आता हे सगळं बंद होईल. मुलीबरोबर कुठे फिरायला जाऊ, तुझ्या आवडत्या समुद्रकिनाऱ्यावर घर घेऊन राहू. तू उलट दुप्पट कामाला लागलास. तुटलेल्या कमानी तू फेकल्याच नव्हत्यास, बादलीत साठवल्या होत्यास. त्यांचे तू पडझडीचे चौकोन केलेस. अर्धी भिंत, खाली ढिगारा, मधून निघालेली कमानीची एक बाजू. गोष्टीतल्या शहराला वेढा पडलाय, शहर पडलं तर हे लागतील, असं तू रेवाला सांगितलंस. तिने विचारलं, शहर पडणार आहे का? तू म्हणालास, ते फासे ठरवतील.

हात गेले तेव्हा मी ओतायला लागले. मला त्यात काडीचा रस नव्हता, हे तुला माहीत होतं आणि तरी तू मला सोडलं नाहीस. खुर्चीत बसून सांगायचास, अजून पातळ, थांब, आता टिचक्या मार. गरमपणा बघायची वेळ आली की मी तुझा हात उचलून त्याची मागची बाजू साच्यावर ठेवायचे. बोट हलत नव्हतं, पण स्पर्श कळत होता. तो आजार तेवढं ठेवतो. तू डोळे मिटून थांबायचास आणि मग म्हणायचास, काढ. माझी एकही कमान तुटली नाही. ते पाहून तू खूश व्हायचास आणि मला रडू यायचं.

आता तुझ्यावरचा माझा राग ऐक. क्लिनिकमधल्या थेरपिस्टने सांगितलं होतं की जीभ चालते आहे तोवर आवाज साठवून ठेवा. ठरावीक वाक्यं वाचायची, मग कॉम्प्युटर तुमच्याच आवाजात बोलेल. त्या प्रोग्रॅमला मराठी येत नव्हतं. तू म्हणालास, घरात मी इंग्रजी बोलणार का? बरं, प्रोग्रॅम राहू दे. मी म्हटलं, साधं रेकॉर्ड करू, दोन-चार मराठी वाक्यं, रेवाचं नाव, काहीही. ते तरी काय अवघड होतं?

तू म्हणालास, "'अनघा, पाणी दे' असं मशीनने माझ्या आवाजात म्हणायचं आणि मी शेजारी ढिम्म बसायचं? नको."

मी दिवसेंदिवस मागे लागले. तू दर वेळी गॅरेजमध्ये जाऊया म्हणायचास. जीभ जड होत होती आणि तू मला जिन्याच्या पायऱ्या ओतायला लावत होतास. मंदार, तो आवाज तुला नको होता, कबूल. पण तो तुझ्यासाठी मागतच नव्हते मी.

शेवटी टॅबलेट आला, डोळ्यांनी अक्षरं निवडायची. त्यातून बोलायचा कोणीतरी अमेरिकन माणूस, बातम्या दिल्यासारखा. शुक्रवारी त्या आवाजात तू गोष्ट सांगायला सुरुवात केलीस. ग्लेन आणि हेमंत धीराने थांबायचे, एका वाक्याला किती वेळ लागायचा. रेवा पहिल्यांदा ऐकत उभी राहिली. त्या आवाजाने तिचं नाव घेतलं, "रीव्हा" असं, आणि ती वर निघून गेली. नंतर ती कधी शुक्रवारी खाली आली नाही. तू मला लिहून विचारलंस, चिडलीये का? मी नाही म्हटलं. तुला खरं कळलंच असणार.

गळ्याला भोक पाडून मशीनवर जगायला तू नकार दिलास. त्यावर मी भांडले नाही. शेवटच्या दिवसांतल्या माणसांना घरीच बघणारी हॉस्पिसची नर्स यायची, श्वासाचा मास्क बसवून जायची. तुझा पलंग डायनिंग रूममध्ये लावला होता, शहर दिसावं म्हणून. वेढा तसाच होता, बाहुल्या जागच्या जागी. मार्चमधल्या एका सकाळी, रेवा शाळेला जायला बूट घालत होती, तेव्हा तू गेलास. मास्कचं मशीन आपलं चालूच होतं, म्हणून मला लगेच कळलंही नाही.

त्यानंतर व्हिसाच्या वकीलबाईंशी फोन झाला. त्या भल्या आहेत, त्यांनी घाई केली नाही. पण सांगायचं ते सांगितलंच. माझं इथलं राहणं तुझ्या वर्क व्हिसावर होतं. ग्रीन कार्डच्या रांगेत तू उभा होतास, मी तुझ्यामागे. आवराआवर करायला थोडी मुदत मिळाली आहे, तेवढीच. रेवा इथली नागरिक, तिला कोणी जा म्हणणार नाही. हेमंत म्हणाला, आमच्याकडे राहू दे, शाळा पूर्ण करू दे. मी तिला तसं विचारलं. ती म्हणाली, "अँड यू?" मी म्हटलं, मला जावंच लागेल, नागपूरला. तिने फोन उलटा ठेवला आणि ती म्हणाली, "ओके. देन आय ॲम कमिंग." शाळेचं काय, मैत्रिणींचं काय, मी विचारत राहिले. ती परत वर निघून गेली.

मग प्रश्न तुझ्या शहराचा. हेमंतने खूप विचार केला होता. म्हणाला, आहे तसं सगळं चिकटवून टाकू, काचेची पेटी करू, तुम्ही लोक जिथून फासे घ्यायचात त्या दुकानवाल्याने ठेवून घ्यायचं कबूल केलंय. खाली तुझं नाव. मला पटलं. मला तर फार बरं वाटलं. तू सोडलंस तसंच ते राहील, कोणी हात लावणार नाही.

रेवा जिन्यात उभी राहून ऐकत होती. ती खाली आली आणि हेमंतला म्हणाली, "काका, इट्स मॉड्युलर. चिकटवायचं नाही. आणि गेम संपलेला नाही."

शनिवारी दुपारी सगळे जमले. मी पोहे केले, तुझ्या शुक्रवारी करायचे तसे, पण कोणी धड खाल्ले नाहीत. गोष्ट सांगणाऱ्याच्या खुर्चीत रेवा बसली. पुढे काय होणार हे तू कोणालाच सांगून ठेवलं नव्हतंस. तिने सरळ वेढ्यापासून सुरुवात केली. ग्लेनचं पात्र तटावरून ओरडून पहारेकऱ्याला विचारतं, दरवाजा टिकेल का. आणि रेवाने उत्तर दिलं, "काऊन बे, डोकं खाऊन राहिला का? टिकते न!"

तुझे पहारेकरी नागपुरी बोलायचे, हे मी विसरूनच गेले होते. मुलगी घरात मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देते, आणि तो सूर तिच्याकडे होता, जसाच्या तसा. हेमंतने मान खाली घातली. शब्द न कळताही ग्लेन नेहमीसारखा हसला आणि मग हसता हसता डोळे पुसायला लागला.

मला वाटलं, ती शहर वाचवेल. सगळ्यांनाच वाटलं असणार. दरवाजा टिकतो का यासाठी टाकलेल्या फाशाला कमी पडलं तेव्हा हेमंत म्हणाला, रेवा, परत टाक, काही हरकत नाही. ती म्हणाली, "बाबांनी कधी परत टाकला नाही." फासा तसाच राहिला. तिने दरवाजाचा चौकोन उचलला आणि तिथे पडझडीचा ठेवला. मग बाजार, मग देऊळ. एकेक चौकोन निघायचा आणि तुझ्या त्या तुटक्या कमानींचा ढिगारा त्या जागी बसायचा. ग्लेनच्या बायकोचं पात्र पोरंबाळं घेऊन नदीच्या दाराने बाहेर निसटलं. तेवढेच वाचले. हेमंतचं पात्र शेवटपर्यंत तटावर उभं राहिलं आणि मेलं. अंधार पडायच्या आत सगळं झालं. रेवाने बाहुल्या गोळा केल्या आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सगळ्यांसमोर रडली. मी तिला जवळ घेतलं. तिने घेऊ दिलं.

रविवारी त्यांनी हवे ते चौकोन नेले. ग्लेनने देऊळ नेलं, हेमंतने तटाची भिंत. तरी खूप उरलं. किती वजन असतं रे त्याला. मी आणि रेवाने ते गाडीत भरलं आणि कचरा टाकतात त्या ट्रान्सफर स्टेशनवर नेलं. वरून खड्ड्यात टाकायचं असतं. काही तुकडे फुटले, बरेच नाही फुटले. तुझं प्लास्टर खरंच चांगलं होतं. मागे गाड्यांची रांग होती, म्हणून थांबता आलं नाही. रबराचे साचे मात्र रेवाने आधीच तिच्या बॅगेत भरले होते. मी कारण विचारलं नाही.

एवढं झालं. आता तुझ्या आईंबद्दल, कारण नागपूरला दार त्याच उघडणार आहेत.

तुझी जीभ जड व्हायला लागली तेव्हा आईंनी मला एकटीला फोन केला होता, हे मी तुला कधी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, "अनघा, खरं सांग. मंदार पितो का गं?" तू मला शपथ घातली होतीस, आईला कळता कामा नये. मी म्हटलं, दाढेचं काम केलंय. पुढे लपवणं जमेना, तेव्हा आजाराचं नाव सांगितलं, पण तेही पातळ करून. त्यांना येण्यासाठी व्हिसाची तारीख मिळता मिळेना. व्हिडिओवर तू कॅमेरा बंद ठेवायला लावायचास. त्या काळ्या चौकोनाशी बोलत राहायच्या, औषध घेतलंस का, जेवलास का. तू इकडे ऐकायचास आणि डोळ्यांतून पाणी गळायचं, आणि ते मी पुसायचे. त्यांना ते दिसायचं नाही.

शेवटच्या आठवड्यात तू डोळ्यांनी एकेक अक्षर निवडून इंग्रजी लिपीत मराठी लिहिलंस. आईला मास्क सांगू नको. झोपेत गेला म्हण.

मी तसंच म्हटलं. तेव्हापासून दर रविवारी त्या मला विचारतात, शेवटी काय म्हणाला? त्रास झाला का? मी म्हणते, नाही आई, झोपेत. त्या फोन ठेवतात. पुढच्या रविवारी परत विचारतात. मंदार, त्यांना ठाऊक आहे. मुलगा असा नुसता झोपेत जात नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्या वाट बघतायत, मी कधी सांगते याची.

तेव्हा मी तुला एक वचन देते, आणि ते तुला आवडणार नाही. तुझी ही एक गोष्ट मी ऐकणार नाही. नागपूरला पोचले की सामान ठेवायच्या आधी आईंच्या समोर बसेन आणि सगळं सांगेन. मास्क, पलंग, तुझे डोळे, तो बंद कॅमेरा आणि त्याच्या अलीकडे बसून रडणारा तू. त्या मला बोलतील. तुलाही शिव्या घालतील, घालू देत. तुझं जाणं त्यांचंही होतं. ते तू आणि मी मिळून त्यांच्यापासून दूर ठेवलं. ते त्यांना नेऊन देईन, आणि मग त्यांच्या शेजारी बसून राहीन, त्या म्हणतील तोवर.

अजून तुझ्यावर रागावलेली,
अनघा